आठ हात आणि एक कीबोर्ड

आमच्या घरात कंप्युटर एकच आहे आणि तो वापरणारे चौघं. मी, नवरा, माझे वडील (बाबा आमच्याकडेच राहतात) आणि दहा वर्षांची लेक. तर हे सगळं सुरू झालं माझ्या मनगटापासून. मी मराठीत बरंच टाइप करते, रोजची आठदहा पानं तरी होतात, आणि मध्यंतरी उजव्या मनगटाला करंगळीच्या बाजूने असं काही दुखायला लागलं की पातेलं उचलताना हात सुटायचा. फिजिओथेरपिस्टकडे गेले तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, टाइप करताना पंजे बाहेरच्या बाजूला वळतात का? मला सांगताच येईना. कारण आपण टाइप करताना स्क्रीनकडे बघतो, स्वतःच्या मनगटाकडे कधी बघतो?

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं मोबाईलवर वरून व्हिडिओ काढ माझ्या हातांचा. तो बघितला आणि लख्ख दिसलं. कीबोर्ड सरळ, खांदे रुंद, त्यामुळे दोन्ही हात तिरके आत येतात आणि मग बोटं बटणांवर सरळ पडावीत म्हणून मनगटं करंगळीकडे वाकतात. शिवाय मागचे दोन पाय उघडून कीबोर्ड पुढे उतरता ठेवलेला, म्हणजे मनगट वरच्या बाजूलाही मुडपलेलं. दोन्हीकडून ताण. आणि ते पाय कोणी उघडले होते, कधी, कुणालाच माहीत नाही, कीबोर्डला पाय आहेत म्हणजे उघडायचेच असं आपण धरून चालतो. खरंतर बहुतेकांच्या मनगटाला ते मिटलेलेच बरे, कारण मागची बाजू जितकी उंच तितका पंजा मागे मुडपतो.

(एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर कीबोर्ड बदलायच्या भानगडीत न पडता आधी डॉक्टरांना दाखवा. मनगटातून जाणारी नस दाबली गेली की असं होतं आणि ते नुसत्या नव्या कीबोर्डवर सोडून देण्यासारखं नाही.)

तर माझ्या डोक्यात आलं की आपल्याला मधून दुभागलेला, दोन्ही बाजूंना उतरता असा एर्गोनॉमिक कीबोर्ड हवा. तसे कीबोर्ड काही नवे नाहीत, मायक्रोसॉफ्टने १९९४ साली तसा काढला होता तेव्हापासून लोकांना माहीत आहेत. मैत्रिणीकडे एक पडून होता तो दोन आठवड्यांसाठी मागून आणला. पहिले तीन दिवस वैताग, पाचव्या दिवशी हात बसला आणि आठव्या दिवशी मनगट खरोखर हलकं वाटायला लागलं. मी ठरवूनच टाकलं होतं, हाच घ्यायचा.

पण त्याच आठवड्यात बाकीच्यांचं काय चाललंय ते मी बघितलंच नव्हतं. बाबा दोन ओळी लिहून उठून जायला लागले. विचारलं तर म्हणाले, "अगं वाय सापडत नाही मला, मी तो डाव्या हाताने मारतो." आणि या कीबोर्डवर वाय उजव्या तुकड्यात, मधे भली मोठी फट! नवरा दोन बोटांनी टाइप करतो, त्याची बोटं अख्ख्या कीबोर्डवर फिरतात, त्याला ती फट दर शब्दाला आडवी यायची. आणि लेकीचे हात लहान, मधे आलेल्या उंचवट्यामुळे तिला पलीकडची बटणं गाठायला कोपर उचलायला लागायचं. म्हणजे माझं दुखणं थांबलं होतं आणि तिघांची गैरसोय सुरू झाली होती, आणि त्यातलं कोणी मला काही बोललं नाही कारण माझा हात दुखत होता. ह्याचं मला फार वाईट वाटलं. तो कीबोर्ड मी परत देऊन आले.

मग मी एक केलं, ते आता वाटतं सगळ्यात आधी करायला हवं होतं. एक आठवडा काहीही विकत न घेता, कोणालाही काही न सुचवता, जो कोणी कंप्युटरवर बसेल त्याचे हात बघायचे आणि वहीत लिहायचं. तेवढ्यात इतकं कळलं की दुकानातल्या कोणत्याही माहितीपत्रकात ते मिळालं नसतं.

बाबांपासून सांगते. त्यांची सगळी नोकरी टाइपरायटरवर गेली. टाइपरायटरचं बटण तळापर्यंत जोरात मारावंच लागतं, तिथे बोटाच्या जोरावर लोखंडाची दांडी उठून कागदावर आपटते, हळू मारलं तर अक्षर फिकं येतं. त्यामुळे बाबा आजही बटण ठोकतात. आमचा जुना कीबोर्ड साधा मेंब्रेनचा, म्हणजे बटणांच्या खाली रबराचे घुमट असतात ते दाबले की तळाच्या पातळ प्लास्टिकवरचे दोन थर एकमेकांना चिकटून अक्षर उमटतं. त्याचा दोष असा की अक्षर उमटलं की नाही हे बोटाला तळाशी पोचल्यावरच कळतं, आणि वापरून वापरून रबर मऊ पडलं की तेही नीट कळत नाही. बाबा म्हणायचे, "ह्याला उत्तरच नाही." मी आधी ऐकून सोडून द्यायचे, पण त्यांचं म्हणणं अगदी नेमकं होतं. बोटाने विचारलं आणि बटणाने काही सांगितलंच नाही. मग ते जास्त जोरात मारायचे, आणि त्यांच्या हाताला आता थोडा कंप आहे त्यामुळे एक अक्षर दोनदा तीनदा उमटायचं, मग बॅकस्पेस, मग परत. शिवाय त्यांना बटणावरची अक्षरं दिसत नव्हती. काळ्या बटणावर बारीक करडी अक्षरं, त्यातली ए, एस आणि एन जवळजवळ पुसलेली.

नवरा हिशेबाचं काम करतो, त्याचं जग म्हणजे उजवीकडचा आकड्यांचा भाग, नंपॅड. तो न बघता आकडे मारतो, तिथे मात्र त्याची पाचही बोटं चालतात. नंपॅड नसलेला कीबोर्ड आणायचा तर आधी त्याच्याशी बोलायला हवं. आणि तो रात्री उशिरा बसतो, कंप्युटर ज्या खोलीत आहे तिच्या शेजारी लेक झोपते, भिंत पातळ.

लेकीचं काही दुखत नव्हतं पण ती खुर्चीच्या टोकावर बसायची, पाय लोंबकळत, टेबल तिच्या छातीच्या जवळ, खांदे कानापाशी. ती स्वतःहून कधी म्हणाली नाही की अवघडतंय. मुलं म्हणत नाहीत, जसं असेल तसं बसतात.

आणि माझं. मी इन्स्क्रिप्टने टाइप करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इन्स्क्रिप्ट म्हणजे भारतीय भाषांची अक्षरं कीबोर्डवर बसवायची एक रचना, तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बरीचशी उजव्या हाताला. शिकायला अतिशय सोपी रचना, आणि एकदा आली की हिंदी, गुजराती, बंगालीतही क हा तिथेच असतो. पण वहीत लिहिताना माझ्या लक्षात आलं की मराठीत जे सारखं लागतं, कान्याचा आ आणि पाय मोडायचा हलन्त, ते अनुक्रमे इंग्रजी ई आणि डी या बटणांवर आहेत, म्हणजे दोन्ही डाव्या हाताच्या मधल्या बोटाला. दिवसभरात त्या एका बोटावर किती भार येतो! माझं ते बोट संध्याकाळी जड व्हायचं आणि मी ते मनगटाच्या दुखण्यातच धरत होते. दुसरं म्हणजे शिफ्ट. ख, घ, छ, झ, थ, ध, भ, श, ळ सगळे शिफ्ट दाबून, त्यांना डावी करंगळी, आणि ण साठी उजवी. मराठीत ण आणि ळ किती वेळा येतात ते सांगायला नको. तेव्हा दोन्ही शिफ्ट लांबरुंद हव्यात हे मी वहीत जाड अक्षरात लिहिलं. कारण छोट्या कीबोर्डांमध्ये जागा वाचवायला बऱ्याचदा उजवी शिफ्टच कापतात आणि तिथे बाण बसवतात.

आठवडा संपल्यावर वही चौघांच्या मधे ठेवली आणि बोललो. जे ठरलं ते असं, की "सगळ्यात चांगला कीबोर्ड कोणता" हा प्रश्नच सोडून द्यायचा. प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची जी नसेल तर त्याला त्या कंप्युटरवर बसताच येणार नाही. बाकीचं जमवून घ्यायचं. बाबांनी सांगितलं, अक्षर उमटलेलं बोटाला कळलं पाहिजे. नवरा म्हणाला नंपॅड. लेकीने सांगितलं आवाज नको, कारण तिचे वडील रात्री टाइप करत असले की जाग येते (हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं). मी म्हटलं मनगट सरळ.

इथून पुढे खरं शोधणं सुरू झालं, पण त्याआधी टेबल. कारण अर्ध दुखणं टेबलात होतं. टाइप करताना खांदे सैल सोडून कोपर काटकोनात साधारण जिथे येतं त्या उंचीला कीबोर्ड हवा, आणि आमचं टेबल त्याहून चांगलं चार बोटं उंच. टेबल कापणं शक्य नव्हतं, खुर्ची वर केली तर पाय अधांतरी. शेवटी खुर्ची वर आणि पायाखाली लाकडी चौरंगासारखी पेटी. पण चौघांची खुर्ची चार उंचीला, आणि रोज कोण मोजत बसणार, म्हणून टेबलाच्या पायावर खुर्चीची बैठक जिथे यायला हवी तिथे चार रंगांच्या चिकटपट्ट्या लावल्या. बसायचं, आपला रंग येईपर्यंत खुर्ची वर-खाली करायची. लेकीसाठी पाठीमागे एक घट्ट उशी, म्हणजे ती पुढे सरकून लोंबकळत नाही. एवढं केल्यावर जुन्याच कीबोर्डवर माझं निम्मं दुखणं कमी झालं, खोटं नाही सांगत. ज्यांना कीबोर्ड बदलायचाय त्यांनी आधी हे करून बघा, याला जवळजवळ काही लागत नाही.

मग दुकानं. मला सगळ्यात जास्त फसवलं ते उभं राहून बटणं दाबण्याने. दुकानात कीबोर्ड कमरेच्या वर काचेवर मांडलेले असतात, आपण उभ्याने दोन बोटांनी चारदोन बटणं दाबतो आणि म्हणतो वा छान आहे. उभं असताना मनगटाचा कोन वेगळाच असतो. एका दुकानात मी खुर्ची मागितली, घरून नेलेला परिच्छेद समोर ठेवला आणि दहा मिनिटं टाइप केलं, आधी त्यांना विचित्र वाटलं पण मग त्यांनीच दुसरे दोन काढून दिले. दहा मिनिटांत जे कळतं ते चार बटणांत कळत नाही.

मेकॅनिकल कीबोर्ड म्हणजे काय हे मला तोवर नुसतं ऐकून माहीत होतं. प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच आणि त्यात स्प्रिंग. चेरी या जर्मन कंपनीच्या स्विचच्या रंगांवरून सगळे बोलतात आणि आता इतर कंपन्याही तेच रंग साधारण त्याच अर्थाने वापरतात. लाल म्हणजे सरळ खाली जाणारा, मधे काही अडथळा नाही, दाबायला साधारण ४५ ग्रॅमचा जोर. तपकिरी म्हणजे अर्ध्या वाटेवर बोटाला एक छोटासा उंचवटा लागतो, तिथे साधारण ५५ ग्रॅम. निळा म्हणजे उंचवटाही आणि टिक असा मोठा आवाजही, ६० च्या आसपास. तिन्हीत बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जातं पण अक्षर साधारण २ मिलिमीटरवरच उमटतं, म्हणजे तळापर्यंत मारायची गरजच नाही. बाबांना हे समजावताना मी दुकानात त्यांना निळ्यावर बसवलं. त्यांनी "पूर्ववत" हा शब्द रोमनमध्ये टाइप केला, थांबले, परत केला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. म्हणाले, "हा बोलतो." 

मी निळाच घेतला असता त्या क्षणी. लेक शेजारीच उभी होती, तिने माझा हात धरला आणि काहीच बोलली नाही. तिला त्या आवाजात झोपावं लागणार होतं. मग तपकिरी. बाबांना निळ्याचा आनंद त्यात नाही मिळाला पण उंचवटा बोटाला लागतो, उत्तर येतं, फक्त हळू आवाजात येतं. त्यांनी स्वतःच सांगितलं, हा चालेल, पोरीची झोप महत्त्वाची.

मधे एक चूक झाली ती पण सांगते, कारण खूप जण तिथे जातात. वायरींचा गुंता नको म्हणून आम्ही आधी एक वायरलेस कीबोर्ड-माऊसचा जोड आणला होता. दिसायला सुंदर, पातळ. पण चौघांच्या घरात वायरलेसचे हाल होतात. पाचदहा मिनिटं कोणी हात लावला नाही की तो झोपी जायचा आणि पहिलं अक्षर गिळायचा, बाबांची प्रत्येक ओळ पहिल्या अक्षराशिवाय. सेल संपलेत हे कोणाच्या लक्षात यायचं नाही कारण प्रत्येकाला वाटायचं दुसरा बघेल. आणि एकदा त्याचं यूएसबीचं बोटाच्या पेरापेक्षा लहान डोंगल नवऱ्याने दुसरं काही लावायला काढलं आणि ते दोन दिवस सापडलं नाही, आणि त्याशिवाय तो कीबोर्ड म्हणजे नुसती पाटी. दुकानाने परत घ्यायला बरेच आढेवेढे घेतले. एकट्या माणसाला वायरलेस सोयीचा असेल, चौघांमध्ये वायर बरी. तिला कोणी हरवू शकत नाही.

आता नंपॅड. पूर्ण कीबोर्ड १०४ बटणांचा, रुंदी साधारण ४४-४५ सेंटीमीटर. त्यात उजवीकडे नंपॅड आणि त्याच्याही उजवीकडे माऊस. म्हणजे माऊस धरायला हात खांद्यापासून बाहेर जातो, दिवसातून शेकडो वेळा. शिवाय आपण अख्खा कीबोर्ड स्क्रीनच्या मधोमध ठेवतो, त्यामुळे अक्षरांचा भाग डावीकडे सरकतो आणि आपण दिवसभर किंचित वळून बसतो. खरंतर इंग्रजी जी आणि एच यांच्या मधली रेघ बेंबीसमोर यायला हवी. माझा उजवा खांदा का भरून यायचा ते इथे कळलं. नंपॅड काढून टाकलेला ८७ बटणांचा कीबोर्ड येतो, रुंदी साधारण ३६, त्याने माऊस चांगला ८-९ सेंटीमीटर जवळ येतो. पण नवऱ्याचं काय?

हे त्यानेच सोडवलं. सुटा नंपॅड मिळतो, यूएसबीला लागतो, कीबोर्डशी त्याचा काही संबंध नाही. लागेल तेव्हा काढायचा, नाहीतर खणात. आणि त्याने तो डावीकडे ठेवून बघितला. उजव्या हातात माऊस, डाव्या हाताने आकडे. दोन आठवडे त्याचे आकडे चुकत होते, रात्री डोकं धरून बसायचा, मी म्हटलं राहू दे, उजवीकडे ठेव. तो म्हणाला थांब. तिसऱ्या आठवड्यात हात बसला आणि आता तो म्हणतो की पूर्वीपेक्षा कमी दमतो कारण हात सारखा माऊस आणि आकड्यांमध्ये ये-जा करत नाही. हे मला सुचलंच नसतं.

शेवटी घेतला तो ८७ बटणांचा, वायरचा, तपकिरी स्विचचा, ज्याचे स्विच सोल्डरिंग न करता उपटून बदलता येतात असा, हॉटस्वॅप म्हणतात त्याला. हे आम्ही खास मागून घेतलं, कारण एक स्विच बिघडला तर पूर्ण कीबोर्ड टाकायला नको. दुसरं म्हणजे बटणांच्या टोप्या. स्वस्त टोप्या बहुतेक एबीएस प्लास्टिकच्या, काही महिन्यांत तुकतुकीत होतात आणि अक्षरं वरून छापलेली असतील तर पुसतात. पीबीटी या दुसऱ्या प्लास्टिकच्या टोप्या खरखरीत राहतात. आणि अक्षर छापलेलं नसून दुसऱ्या रंगाचं प्लास्टिक आरपार ओतलेलं असेल, डबलशॉट, तर ते पुसलं जाणं शक्यच नाही. आम्ही फिक्या टोप्यांवर ठळक काळी अक्षरं असलेला संच वेगळा घेतला, फक्त बाबांसाठी. मागून उजेड येणारे रंगीत कीबोर्ड दुकानात खूप दाखवतात पण दिवसा त्यांची अक्षरं करडी दिसतात, वयस्कर डोळ्यांना त्याचा काही उपयोग नाही.

मराठी अक्षरांसाठी पारदर्शक स्टिकर आणले होते ते आठवड्यात काढले. कडा बोटाला लागतात, कोपरे उचलतात, आणि एका बटणावर चार चिन्हं झाली की बाबांना इंग्रजी पण सापडेना. त्याऐवजी इन्स्क्रिप्टचा तक्ता मोठ्या अक्षरात छापून स्क्रीनच्या खाली चिकटवला. लेक त्यावरूनच शिकतेय. तिला मी एवढंच सांगितलं, एफ आणि जे वरचे बारीक उंचवटे शोध, डोळे मिट, तिथे तर्जन्या ठेव, डावीकडे ऱ्हस्व वेलांटी, उजवीकडे र. तिथून बाकी सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ती विचारते की बटणांच्या रांगा एकमेकींखाली सरळ का नाहीत, तिरक्या का सरकल्यात, आणि तेव्हा बाबांनी तिला कागदावर टाइपरायटर काढून दाखवला, प्रत्येक बटणाखालून एक दांडी मागे जायची, त्या एकमेकींवर येऊ नयेत म्हणून रांगा थोड्या थोड्या सरकवल्या. दांड्या गेल्या, तिरकेपण राहिलं. १८७४ साली रेमिंग्टनने विकायला काढलेल्या यंत्रापासूनचं ते तिरकेपण आजही आपल्या बोटांखाली आहे हे मलाही त्या दिवशीच जाणवलं.

माझं मनगट? मेकॅनिकल कीबोर्ड उंच असतो, मधल्या रांगेपाशी तीनेक सेंटीमीटर, म्हणजे पाय मिटले तरी पंजा वर उचलावा लागतो. त्यासाठी पुढे तेवढ्याच उंचीची लाकडी पट्टी ठेवली. पण ती कशी वापरायची हे फिजिओथेरपिस्टने शिकवलं. टाइप करताना हात तिच्यावर टेकवायचा नाही, तो हवेत फिरता ठेवायचा, थांबलं की टेकायचा, आणि टेकायचा तो तळव्याचा गुबगुबीत भाग, मनगटाची आतली मऊ बाजू नाही. मी आधी नेमकं उलट करत होते. सरळ कीबोर्डने पंजा बाहेर वळणं पूर्ण गेलेलं नाही, दुभागलेल्यावर जसं हलकं वाटायचं तसं नाही वाटत, पण माऊस जवळ आला तेवढ्याने दुखणं थांबलंय. आणि त्या मधल्या बोटासाठी एक केलं ज्याचा मला फार आनंद आहे. ई आणि डी या दोन बटणांखालचे तपकिरी स्विच काढून लाल बसवले, दहा ग्रॅमने हलके. इंग्रजीतही सगळ्यात जास्त लागतं ते अक्षर ई च, त्यामुळे कोणाची तक्रार नाही. बसवताना एक पिन वाकली आणि डी बंद पडलं, चिमट्याने पिन सरळ केली, परत बसवलं, चाललं. स्विच सरळ उभा दाबायचा, तिरका नाही, आणि बसवण्याआधी दोन्ही पिना डोळ्यासमोर धरून बघायच्या.

बाबांचं दोनदोनदा उमटणं मात्र नव्या कीबोर्डनेही थांबलं नव्हतं, कमी झालं होतं इतकंच. ते सुटलं ते अपघाताने. एके दिवशी कीबोर्ड बंद पडला असं लेक ओरडत आली. बटण दाबलं तर काही नाही, बराच वेळ दाबून धरलं तर एक अक्षर. मला वाटलं गेला, आणि घेऊन महिनाही झाला नव्हता. निघालं असं की ती उजवी शिफ्ट धरून बसली होती, विंडोजमध्ये ती आठ सेकंद धरली की फिल्टर कीज चालू करायचं का असं विचारतं, आणि तिने हो म्हटलं होतं. ते बंद करता करता मी वाचलं की हे कशासाठी असतं, हात थरथरणाऱ्यांचे चुकून लागलेले किंवा पटपट दोनदा पडलेले टोले सोडून द्यायला. म्हणजे बाबांसाठीच! त्यांच्यासाठी वेगळं खातं उघडलं, त्यात फक्त दुहेरी टोले सोडून द्यायची सोय चालू केली आणि वेळ थोडा थोडा कमी-जास्त करत त्यांच्या हाताशी जुळवला, बटण धरून ठेवल्यावर अक्षर परत परत उमटतं त्याचा वेळही वाढवला. हे त्यांच्याच खात्यात राहतं, बाकीच्यांना काही फरक पडत नाही. मला वाटतं एकाच कंप्युटरवर जास्त माणसं असतील तर वेगळी खाती हवीतच, भाषेचं पण तसंच, माझ्या खात्यात मराठी आधी, नवऱ्याच्या नुसती इंग्रजी, विंडोज आणि स्पेस दाबून बदलायची भानगड त्याच्या वाट्याला येत नाही.

त्या आठवड्यात बाबांनी त्यांच्या जुन्या सहकाऱ्याला दोन पानांचं पत्र टाइप केलं, एका बैठकीत. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, आधीसारखं ठोकणं नाही, हलका टपटप आवाज, मधेच बराच वेळ शांतता आणि मग परत सुरू. बॅकस्पेसचा सलग आवाज आला नाही. पत्र संपवून त्यांनी मला वाचायला बोलावलं नाही, नुसतं खुर्ची खाली करून उठले.

टोप्या मी तीनचार महिन्यांनी सगळ्या काढते, कोमट पाण्यात थोडा साबण, पूर्ण वाळल्याशिवाय परत लावायच्या नाहीत, आणि काढायच्या आधी कीबोर्डचा एक फोटो. लेक ते काम मागून घेते. टोप्या परत लावताना बैठकीची उंची बघायला ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली आई माझी पट्टी चुकलीय, कोपर वर येतंय. मोजलं तर खरंच, ती वाढली होती, आता तिला खुर्ची तेवढी चढवायला लागत नाही. निळी पट्टी दोन बोटं खाली घेतली.